वाचकांचे प्रश्न : लायनीतला म्हातारा आणि त्याच्या नावावर काय उरतं

प्रश्न : नमस्कार दादा, मी मनीषनगरला राहतो, आयटीत आहे, नाइट शिफ्ट असते म्हणून ब्रेकमध्ये एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघून राहिलो हल्ली. क्वार्टरबॅक, रिसीव्हर वगैरे समजलं. पण ते समोर लायनीत वाकून बसणारे धिप्पाड लोक, त्यांचं काहीच कळत नाही बाप्पा. कॉमेंटेटर त्या कॅलायस कॅम्पबेलचं इतकं कौतुक करत होता की हा २००८ पासून खेळून राहिला म्हणून, आणि मी स्टॅट्स उघडले तर कित्येक मॅचमध्ये एक-दोन टॅकल, बस. मग एवढं कौतुक काहून? आणि असा माणूस रिटायर झाल्यावर त्याच्या नावावर राहतं तरी काय?

उत्तर : भाऊ, स्टॅट्स जरा बाजूला ठेवा आणि पुढच्या मॅचला बॉल कुठे चालला ते बघूच नका. लायनीतल्या मधल्या एकाच डिफेन्सिव्ह टॅकलवर नजर ठेवा (हे त्याच्या जागेचं नाव, स्टॅट्समधली टॅकल म्हणजे समोरच्याला पाडणं). बॉल हलला रे हलला की समोरचे दोघं, एकेक १४० किलोच्या आसपासचा, त्याच्या अंगावर येतात. आणि तो काय करतो, तर बऱ्याचदा काहीच नाही असं वाटतं. एक गुडघा जमिनीला टेकवतो, खांदा खाली घालतो, दोघांच्या मधे रुतून बसतो आणि हलत नाही. तेवढ्यात मागचा लाइनबॅकर मोकळा सुटतो, बॉलवाल्याला पाडतो, टॅकल त्याच्या नावावर, उड्या तो मारतो, कॅमेरा पण त्याच्याकडेच. आपला गडी ढिगाऱ्याखालून निघून बोटांची पट्टी सारखी करत परत जाग्यावर. कबड्डी खेळला असाल तर लगेच समजेल, कोपऱ्यावाला घोटा धरून ठेवतो म्हणून कव्हरवाल्याची धडक लागते, पण दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो कव्हरवाल्याचा.

आता वयाचं. एनएफएलमध्ये बहुतेकांचं करिअर तीन-चार वर्षांत आटोपतं. कॅम्पबेलचा जन्म १९८६ चा, उंची ६ फूट ८ इंच, ॲरिझोनाने नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या राउंडमध्ये घेतला, मग जॅक्सनविल, बाल्टिमोर, अटलांटा, मायामी असं फिरून २०२५ मध्ये परत ॲरिझोनात, तेव्हा वय ३९. बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकचा किंवा रिसीव्हरच्या मागे पळणाऱ्या कॉर्नरबॅकचा पाय जरा जड झाला की खेळ खल्लास. लाइनमनचं तसं नाही, ताकद उशिरा उतरते, आणि वेग गेला तरी हात राहतात. समोरच्याच्या छातीवर हात कुठे मारायचा, आधी कोणता मारायचा, आपण त्याच्यापेक्षा खाली कसं राहायचं, हे सगळं वर्षानुवर्षं घासून येतं. शिवाय डोळे. समोरचा गार्ड बसताना जमिनीवर हात टेकवतो ना, त्या बोटांवर जोर पडून ती पांढरी झाली असतील तर तो पुढे झेपावणार म्हणजे बहुतेक रन (बॉल घेऊन पळण्याचा डाव) येणार, आणि हात नुसता अलगद ठेवलाय तर मागे सरकणार म्हणजे पास. पोरगेल्या खेळाडूला हे सांगितलं तरी त्या गडबडीत दिसत नाही, जुन्याला आपोआप दिसतं. वरून कोच लोक पण शहाणे झालेत, म्हाताऱ्याला प्रत्येक डावाला उतरवत नाहीत, आलटून-पालटून वापरतात. बाकी गुडघे टिकले तर. ते नशीब, त्यात कौशल्य शोधू नका.

नावावर काय राहतं, हा तुमचा खरा प्रश्न आणि इथे मला जरा चीड येते. क्वार्टरबॅकला बॉलसकट पाडलं की त्याला सॅक म्हणतात, लाइनमनची सगळी कीर्ती त्याच्यावरच. ब्रूस स्मिथ १९८५ पासून १९ सीझन खेळला, २०० सॅक, रेकॉर्ड. रेजी व्हाइट १९८ वर. पण लीगने सॅक ऑफिशियली मोजायला सुरुवात केली ती १९८२ मध्ये! त्याच्या आधी जे खेळले त्यांची वही कोरीच. पुढे लोकांनी जुने कागद धुंडाळून आकडे काढले, पण ते अनधिकृत.

यात सगळ्यात जास्त कोण भरडला गेला तर जिम मार्शल. डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे लायनीच्या टोकाचा गडी, १९६० मध्ये क्लीव्हलँडकडून आणि १९६१ ते १९७९ मिनेसोटा वायकिंग्जकडून, सलग २८२ मॅच. सलग म्हणजे सलग, दुखतंय म्हणून घरी बसणं नाहीच, आणि हे वयाच्या ४१ व्या वर्षापर्यंत. आजच्या हिशोबाने वजन काही फार नव्हतं, एकशेदहा किलोच्या आसपास. पण अमेरिकेत त्याचं नाव काढा, लोकांना आठवतं काय, तर १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध त्याने सुटलेला बॉल उचलला आणि ६६ यार्ड पळाला, उलट्या दिशेने, स्वतःच्याच एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात), आणि वर आनंदाने बॉल बाहेर फेकून दिला. समोरच्या टीमला फुकटचे २ पॉइंट. ती क्लिप अजून फिरते. त्याच मॅचमध्ये त्याने क्वार्टरबॅकला असा ठोकला की बॉल सुटला, त्याच्याच टीमचा कार्ल एलर तो घेऊन टचडाउनपर्यंत गेला आणि वायकिंग्ज २७-२२ ने जिंकले, हे किती जणांना माहीत असतं? २०२५ मध्ये मार्शल वारला, ८७ व्या वर्षी, हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, न जाताच. माझ्या मते ही सरळ सरळ नाइन्साफी आहे. एक चूक साठ वर्षं दाखवायची आणि २८२ वेळा ड्युटीवर हजर राहिलेल्याला रांगेत उभं ठेवायचं.

त्याच लायनीत त्याच्या शेजारी ॲलन पेज होता. १९७१ चा लीगचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, बचाव करणाऱ्याला हा मान मिळायची ती पहिलीच वेळ. खेळता खेळता लॉ केलं, लांब पळायचा नाद लागला, वजन उतरलं, १९७८ मध्ये वायकिंग्जनी काढून टाकलं तर शिकागोकडून १९८१ पर्यंत खेळला, आणि पुढे मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टात १९९३ ते २०१५ न्यायमूर्ती. म्हणजे एकाच टीमच्या एकाच लायनीतले दोघं, एकाचं नाव कोर्टात आणि एकाचं उलट्या धावेत. मैदानावरच्या मेहनतीत डावं-उजवं करायला जागा नव्हती.

आणि हो, इतकी वर्षं टिकण्याचा दुसरा हिशोब पण असतो. लाइनमनचं डोकं प्रत्येक डावाला थोडं थोडं आपटतं, मोठा मार दिसत नाही पण साठत जातो. पिट्सबर्गचा माइक वेबस्टर, समोरच्या बाजूचा, म्हणजे आक्रमणाच्या लायनीतला लाइनमन, १७ सीझन खेळला, २००२ मध्ये गेला आणि त्याच्या मेंदूच्या तपासणीतून सीटीईचा (डोक्याला वारंवार मार बसून होणाऱ्या मेंदूच्या आजाराचा) सगळा विषय एनएफएलच्या दारात आला. कॅम्पबेलचं कौतुक करा, पण पोराला असंच २० वर्षं खेळ म्हणून सांगू नका.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा, वजन ९५ किलो, त्याचे मित्र त्याला "तू लाइनमन हो" म्हणतात. २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचा हा प्रकार आहे म्हणे. त्याला काही चान्स? (एक आई, महाल)

उत्तर : ताई, लॉस एंजेलिसला जो आहे तो फ्लॅग फुटबॉल, पाच-पाच जणांचा, कमरेची पट्टी ओढायची, अंगावर जायचंच नाही. त्यात लाइनमनला कामच नाही, चपळ पोरं लागतात. तुमच्या चिरंजीवांना रग्बी, कुस्ती नाहीतर गोळाफेकीकडे वळवा, तिथे वजनाची किंमत होते. आधी एकदा डॉक्टरला दाखवून घ्या आणि मित्रांचं ऐकून वजन अजून वाढवायला देऊ नका, तेवढं पाहा.

प्रश्न : सुपर बोल (एनएफएलची फायनल) आपल्याकडे किती वाजता? (एक वाचक, सदर)

उत्तर : सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास. रविवारी लवकर झोपा, हाफटाइमला तर्री पोहे आणायला वेळ भरपूर मिळतो, तो ब्रेक नेहमीपेक्षा बराच लांब असतो.