नवोदयचा निरोप: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जानेवारी लागला की या सदराच्या टपालात जवाहर नवोदय विद्यालयांतील, म्हणजे केंद्र सरकारच्या सहावी ते बारावीच्या निवासी शाळांतील, मुलांच्या पालकांची पत्रे वाढतात. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झालेल्या असतात, फेब्रुवारीच्या मध्याला बोर्डाचा पहिला पेपर येऊन ठेपतो आणि त्याआधीच्या त्या चिंचोळ्या फटीत निरोप समारंभ, सामूहिक छायाचित्र, शर्टावरच्या सह्या असे सारे बसवायचे असते. मी स्वतः अनेक वर्षे एका नवोदयमध्ये मराठी शिकवली आणि वसतिगृहाचा हाऊस मास्टर म्हणून मुलांबरोबर राहिलो, त्यामुळे या पत्रांना उत्तर देताना थोडे पाल्हाळ होते, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रश्न: आमचा मुलगा नवोदयला बारावी विज्ञानात आहे. अकरावीची मुले त्यांना ‘फेअरवेल’ देणार आहेत आणि त्यासाठी तो ब्लेझर, पँट आणि बूट मागतो आहे. खर्च साडेचार हजारांच्या घरात जातो. सोयाबीनचे पैसे अजून हाती आलेले नाहीत. त्याचे वडील म्हणतात की, सात वर्षे गणवेशात काढली, आणखी एक संध्याकाळ काढायला काय हरकत आहे? शिवाय या कार्यक्रमाला आम्हाला बोलावणेही नाही. न बोलावता जावे का? – एक आई, वाशीम जिल्हा

उत्तर: ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. कृपया जाऊ नका. तुम्हाला टाळण्याचा यात कोणाचाही हेतू नाही. हा समारंभ मुलांनी मुलांसाठी केलेला असतो आणि तिथे आई-वडील आले की मुले एकदम ‘पाहुण्यांसमोरची मुले’ होऊन बसतात.

आठवून पाहा. पाचवीत असताना त्याने नवोदय प्रवेशाची ऐंशी प्रश्नांची ती दोन तासांची परीक्षा दिली, जी एकदाच देता येते. जिल्ह्यातून ऐंशी मुले निवडली गेली आणि त्यांत त्याचे नाव आले. दहा-अकरा वर्षांच्या त्या पोराला तुम्ही पत्र्याची पेटी, बादली आणि गादी घेऊन वसतिगृहात सोडले, आणि परतताना बहुधा सगळ्या रस्त्यात तुम्ही दोघे एकमेकांशी बोलला नसाल. तेव्हापासून तो तुमच्याकडे दिवाळीत आणि उन्हाळ्यात आला. बाकी त्याचे आजारपण, भांडण, पहिली दाढी, नापास झालेली चाचणी हे सारे त्या वसतिगृहात घडले. अरवली, निलगिरी, शिवालिक किंवा उदयगिरी, जे कोणते त्याचे हाऊस असेल, ते त्याचे घर झाले. म्हणजे या निरोपात तो दुसऱ्यांदा घर सोडणार आहे. पहिल्या वेळी तुम्ही सोबत होता, या वेळी सोबत त्याचे वर्गमित्र असतील.

त्या रात्री काय होते ते सांगतो. भाषणे होतात, नाच होतो, मेसमध्ये गुलाबजाम असतात. त्यात विशेष काही नाही. विशेष असते ते नंतर, साडेदहाच्या सुमारास, डॉर्मिटरीत. माझ्या हाऊसमधल्या एका बारावीच्या मुलाने आपली बादली सातवीतल्या मुलाला दिली. निळी, कडी तुटलेली, कडीच्या जागी सुतळी बांधलेली बादली. तिच्यावर ऑइल पेंटने आधीच तीन नावे होती आणि प्रत्येक नावावर काट मारलेली होती. त्याने आपल्या नावावर काट मारली, खाली लहानग्याचे नाव लिहिले आणि म्हणाला, “सकाळी नळाला पाणी जोरात येतं तेव्हा सुतळी सुटते, आधी गाठ बघायची.” समारंभातली एकही कविता माझ्या लक्षात राहिली नाही, ही गाठ राहिली.

आता ब्लेझर. वडिलांचा मुद्दा चुकीचा नाही, पण थोडा अपुरा आहे. नवोदयमध्ये राहणे, जेवण, गणवेश, पाठ्यपुस्तके हे सारे शासनाकडून असते. नववीपासून काही पालकांना महिन्याला विकास निधी भरावा लागतो, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना माफ असतो. याचा अर्थ असा की, या मुलाने सात वर्षांत तुमच्याकडे कपड्यांसाठी फारसे काही मागितलेले नाही. त्याची मागणी हट्टाची म्हणून झटकू नका, पण साडेचार हजारही घालू नका. लग्नासाठी कोट भाड्याने देणारी दुकाने आता तालुक्याच्या गावीही आहेत. फक्त लग्नसराईचे दिवस असल्यामुळे आठवडाभर आधी सांगून ठेवावे लागेल. चुलतभावाचा किंवा मामाचा कोट अंगाला बसत असेल तर प्रश्नच मिटला. पैशांची अडचण त्याला स्पष्ट सांगा. नवोदयच्या मुलांना अडचण समजते. एका वर्षी आमच्याकडच्या बारावीत एकच काळा ब्लेझर सहा मुलांच्या छायाचित्रांत दिसत होता आणि त्याचे त्यांना काडीचेही वाईट वाटले नव्हते. मुलींचे त्या मानाने बरे, त्या आईची किंवा मावशीची साडी मागवतात.

तुम्ही जायचे ते शेवटच्या पेपरच्या दिवशी. पेटी आणायला दोघेही जा. रव्याचे लाडू थोडे जास्त न्या आणि त्यातले निम्मे मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्यांच्या हाती द्या. तुमच्या मुलाने त्यांच्या हातचे जेवण तुमच्यापेक्षा जास्त दिवस खाल्ले आहे.

प्रश्न: माझी मुलगी यंदा दहावीला आहे. निकालानंतर तिला लातूरला अकरावीसाठी आणि नीटच्या शिकवणीसाठी ठेवायचे आम्ही ठरवले आहे. ती शाळेत कोणालाच हे सांगायला तयार नाही. “कशाला, मी परत येणारच आहे असंच सगळ्यांना वाटू दे,” असे म्हणते. यात काही बिनसले आहे का? – एक वडील, नांदेड जिल्हा

उत्तर: बिनसलेले काही नाही, पण तिच्या बोलण्यातला सल ओळखा. नवोदयमध्ये निरोप बारावीला मिळतो. दहावीची परीक्षा संपली की मुले सुटीवर जातात आणि अकरावीला परत येतील असे गृहीत धरले जाते. जी परत येत नाहीत, त्यांची जूनमध्ये फक्त खाट रिकामी दिसते. कोणी लातूरला गेलेले असते, कोणी कोट्याला, कोणी पुण्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात. दरवर्षी अशी काही मुले असतात आणि त्यांच्यासाठी ना भाषण असते ना सह्यांचा शर्ट. मला स्वतःला हा आम्हा शिक्षकांचा दोष वाटतो. मीही कित्येक वर्षे त्याकडे लक्ष दिले नाही.

दुसरे असे की, जाणार असल्याचे सांगितले तर मैत्रिणींना ती आपल्याला सोडून चालली असे वाटेल, ही तिची भीती आहे. तुम्ही तिच्या वतीने शाळेत जाहीर करू नका. मात्र तिच्या हाऊस मिस्ट्रेसना एकदा खासगीत भेटा आणि परीक्षा संपल्याच्या दिवशी लगेच गाडी दारात उभी करू नका. एक रात्र द्या. त्या एका रात्रीत ती जिला सांगायचे आहे तिला सांगेल. आणि निर्णय अजून खरोखर कच्चा असेल, तर तिला तसे सांगा. वडिलांनी ठरवून टाकलेली गोष्ट आणि घरात अजून विचार चालू असलेली गोष्ट यांत सोळा वर्षांच्या मुलीला फरक कळतो.

प्रश्न: आमची धाकटी नववीत मायग्रेशनवर, म्हणजे वर्षभराच्या विद्यार्थी-अदलाबदलीत, उत्तरेकडच्या नवोदयला गेली. जाताना इतकी रडली होती की, आम्ही तिला परत आणायच्या विचारात होतो. आता मार्चमध्ये परत यायचे तर फोनवर म्हणते, “मुझे यहीं रहना है.” चक्क हिंदीत! तिच्या आईला फार लागले आहे. – एक वडील, रत्नागिरी जिल्हा

उत्तर: आईला सांगा, हे यशाचे लक्षण आहे. ही योजना ज्यासाठी आखली तेच तुमच्या घरात घडले आहे. नववीतली साधारण तीस टक्के मुले एका वर्षासाठी हिंदी भाषिक राज्यांतून अहिंदी राज्यांत आणि इकडून तिकडे जातात, ती एकमेकांच्या भाषेत आणि घरांत शिरावीत म्हणूनच.

तिकडून आपल्याकडे येणाऱ्यांचेही हेच होते. एक मुलगा आला तेव्हा त्याला ‘ळ’ म्हणता येत नसे. ‘बाळ’चे ‘बाल’ आणि ‘शाळा’चे ‘शाला’ व्हायचे, आणि आमची मुले मुद्दाम त्याला ‘टाळ्या’ म्हणायला लावायची. मार्चमध्ये मायग्रेशनच्या मुलांना निरोप दिला तेव्हा तो मराठीत बोलायला उभा राहिला. कागदावर देवनागरीत लिहून आणले होते. ‘माझे डोळे’ या शब्दांपाशी तो थांबला, एक श्वास घेतला आणि ‘ळ’ अगदी स्वच्छ उच्चारला. वर्गाने ज्या टाळ्या वाजवल्या त्या त्याच्या वाक्याला नव्हत्या, त्या ‘ळ’ला होत्या. पुढचे दोन परिच्छेद त्याला वाचता आले नाहीत.

मुलगी परतल्यावर महिनाभर ती हिंदीत बोलेल, भाजीला ‘सब्जी’ म्हणेल, भाताऐवजी पोळ्या मागेल. नातेवाइकांसमोर त्याची नक्कल करू नका. तिकडच्या मैत्रिणींशी बोलण्यासाठी आठवड्यातून ठरलेला एक वेळ तिला फोन द्या. एप्रिलमध्ये तिचे दहावीचे वर्ष सुरू होईल आणि जुन्या वर्गात तिला पुन्हा जागा करून घ्यावी लागेल, कारण तिच्या गैरहजेरीत इथल्या मैत्रिणींच्या जोड्या बदललेल्या असतील. आईने खरी काळजी करायची तर याची करावी.

प्रश्न: माझ्या नातवाला गेल्या मे महिन्यात दहावीला ७८ टक्के मिळाले. गावातल्या दुसऱ्या शाळेतील मुलांचे फ्लेक्स लागले. आमच्या मुलाने “नवोदयला जाऊन हेच का?” म्हणत पेढेही वाटले नाहीत. आता धाकटा नातू यंदा त्याच परीक्षेला बसतो आहे. – एक आजोबा, सोलापूर जिल्हा

उत्तर: आजोबा, धाकट्याच्या निकालाच्या दिवशी पेढे तुम्हीच वाटा, आणि थोरल्याचेही त्यातच वाटून टाका. नवोदयची परीक्षा घेणारे केंद्रीय बोर्ड (सीबीएसई) आता गुणवत्ता यादी जाहीरच करत नाही. गुणपत्रिकेवर एकूण टक्केवारीही छापत नाही, ती आपण घरी गणकयंत्रावर काढतो आणि मग तिच्यावरून भांडतो. तुमच्या मुलाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नवोदयमध्ये आलेला प्रत्येक जण आपापल्या गावच्या शाळेत पहिला असतो. अशा ऐंशी पहिल्यांमध्ये कोणीतरी पन्नासावा येणारच, आणि तो पन्नासावा अकराव्या वर्षीच हे पचवायला शिकलेला असतो. त्याला सोळाव्या वर्षी तेच पुन्हा ऐकवण्यात काय हशील? २०२६ पासून दहावीला मे महिन्यात दुसऱ्या परीक्षेची संधीही मिळते, तेव्हा एखाद्या विषयात कमी पडले तरी आभाळ कोसळत नाही.

प्रश्न: आम्ही बारावीची मुले मिळून शाळेला काहीतरी भेट देणार आहोत. कोणी घड्याळ म्हणते, कोणी सरस्वतीची मूर्ती, कोणी झाडे. प्रत्येकी दोनशे रुपये जमले आहेत. काय द्यावे? – बारावीची एक विद्यार्थिनी, अमरावती विभाग

उत्तर: घड्याळ देऊ नकोस. आमच्या शाळेच्या स्टाफ रूममध्ये निरोपाची सात घड्याळे होती आणि त्यांपैकी दोन चालत. झाड लावणार असाल तर आंबा किंवा चिंच फाटकापाशी नको, मेसमागे लावा. तिथे भांडी धुतल्याचे पाणी मिळते आणि झाड जगते. उरलेल्या पैशांतून मुलींच्या वसतिगृहासाठी इस्त्री घ्या, चांगली, जड बुडाची. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये सुरू झाली. त्यांतले एक हरियाणातील झज्जरचे आणि दुसरे तुमच्याच अमरावतीचे. एवढ्या वर्षांत तिथे आणि इतरत्र ज्या बॅच आल्या-गेल्या, त्यांच्यापैकी कोणाचेही मूर्तीखालचे नाव आज कोणी वाचत नाही. सकाळच्या रांगेत पाचव्या क्रमांकावर उभी असलेली सहावीतली मुलगी मात्र इस्त्री कोणी दिली हे नक्की विचारते. इस्त्रीच्या मुठीवर तुमच्या बॅचचे वर्ष ऑइल पेंटने लिहून ठेवा, आणि वायरला गाठ पडू देऊ नका असे त्या मुलींना सांगून जा.