मणक्याचं ऑपरेशन आहे? गोळ्यांचं आधी सांग
भाऊ, भूल देणाऱ्या डॉक्टरांना डिप्रेशनच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवच, लाजू नको, आणि मनाने एकही गोळी बंद करू नको, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी यातल्या काहींसोबत चालत नाही. घरी आल्यावर उठताना आधी कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग हाताने रेटून बस. माझा तर जळगावच्या मे महिन्यात ऑपरेशननंतरचा पाठीचा पट्टा घामाने चिकटायचा, रात्री ३ ला पंख्याकडे बघत रडू यायचं, वाटायचं केळीच्या बागेत आता परत जाणं नाही. बायको ऊन चढायच्या आत ओट्यापर्यंत चालवायची, मग हळूहळू गल्लीच्या टोकापर्यंत. रात्री फारच घाबरायला झालं तर १४४१६ लाव, टेली मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि पायातला जोर गेला किंवा लघवी अडकली तर सकाळची वाट बघू नको, लगेच दवाखाना गाठ.