नियम काटेकोर पाळणारा कामगार नवीन काही सुचवू शकतो का?

हो, आणि बऱ्याचदा तोच जास्त उपयोगी सुधारणा सुचवतो, कारण ठरलेली पद्धत नेमकी कुठे अडते हे रोज ती पाळणाऱ्यालाच कळतं. जपानच्या टोयोटाचं उदाहरण घ्या. तिथे प्रत्येक कामाची पद्धत लिहून ठरवलेली असते आणि ती पाळावी लागते. पण तीच पद्धत बदलण्याची सूचना गाड्या जोडण्याच्या लाइनवरचा कामगारही करू शकतो. अशा सूचनांची योजना तिथे १९५१ पासून आहे. काही बिघाड दिसला तर दोरी ओढून किंवा बटण दाबून तो मदत बोलावतो, आणि अडचण वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते. माझ्या मते खरी गोम मोजमापात आहे: सगळे एकाच पद्धतीने काम करत असतील तरच बदलाने वेळ वाचला की वाया गेला हे समजतं. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असेल तर तुलना कशाशी करणार? मात्र सुरक्षेच्या नियमांवर परस्पर प्रयोग नकोत. दुरुस्तीआधी मशीनची वीज तोडून कुलूप लावायचं ठरलेलं असेल तर ते लावायचंच. त्यातली सुधारणा आधी लेखी द्या, मंजूर झाल्यावरच वापरा.