‘मोअर फास्टर’ चूक, मग ‘मोअर क्विकली’ बरोबर कसं?

तुम्ही विचारलंय की ‘शी रन्स मोअर फास्टर दॅन मी’ चूक असेल, तर ‘शी वर्क्स मोअर क्विकली दॅन मी’ कसं चालतं? दोन्हीकडे तुलना क्रियेचीच आहे ना?

मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे हा घोळ रोज बघते. त्याचं मूळ आपल्या मराठीत आहे. ‘ती माझ्यापेक्षा जोरात धावते’ यात ‘जोरात’ जसाच्या तसा राहतो, तुलनेचं सगळं काम ‘पेक्षा’ करतो. इंग्रजीत नुसतं ‘दॅन’ घालून भागत नाही, क्रियाविशेषणाचंही रूप बदलावं लागतं. मुलं आधी लिहितात ‘शी रन्स फास्ट दॅन मी’. त्यावर लाल रेघ आली की पुढच्या वेळी ‘मोअर’ही लावतात आणि ‘-अर’ही. खरं तर दोन्हींचं काम एकच, त्यामुळे एका वेळी एकच लावायचं.

कुठलं, ते शब्दाच्या घडणीवरून कळतं. विशेषणाला ‘-ली’ जोडून शब्द झाला असेल (क्विकली, केअरफुली, क्लिअरली), तर मोअर आणि मोस्ट. विशेषण आणि क्रियाविशेषण दिसायला एकच असेल (फास्ट, हार्ड, हाय, लेट), तर ‘-अर’ आणि ‘-एस्ट’. ‘अर्ली’ इथे हमखास फसवतो. शेवटी ‘ली’ असली तरी तो विशेषण म्हणूनही तसाच वापरतात, म्हणून ‘अर्लियर’. उलट ‘ऑफन’ला ‘ली’ नाही, तरी आज ‘मोअर ऑफन’च रूढ आहे. वेल-बेटर-बेस्ट आणि बॅडली-वर्स-वर्स्ट सरळ पाठ करा. बोलताना ‘कम क्विकर’ही ऐकू येईल, पण पेपरात ‘मोअर क्विकली’च लिहा.

‘हार्ड’कडे मात्र नीट लक्ष द्या. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो खूप मेहनत करतो, आणि ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेमच काम करतो. म्हणून मेहनतीची तुलना ‘हार्डर’नेच करायची. चेंडू जास्त जोरात मारला हे सांगायलाही ‘शी हिट द बॉल हार्डर’. तिथे ‘स्ट्राँगर’ लिहू नका, ते विशेषण आहे, ती स्वतः जास्त ताकदवान आहे असं सांगायला.

‘डिग्री बदला’ प्रकारच्या प्रश्नात ‘ॲज…ॲज’ आलं की मूळ रूपच ठेवायचं: ‘नो अदर गर्ल रन्स ॲज फास्ट ॲज शी डझ’. ‘माझ्याइतकीच जोरात’ म्हणताना आपणही ‘जोरात’ला हात लावत नाही, त्यामुळे हे मुलांना पटकन जमतं.

आता तुमच्या वाक्यातलं ‘दॅन मी’. धावण्याच्या वाक्यात ते बोलीत बिनधास्त चालतं. पण ‘शी लाइक्स द डॉग मोअर दॅन मी’ घ्या. मला कुत्रा जितका आवडतो त्याहून तिला जास्त आवडतो, की तिला मी जितकी आवडते त्याहून कुत्रा जास्त आवडतो? मराठीतही ‘तिला माझ्यापेक्षा कुत्रा जास्त आवडतो’ म्हटलं की हाच गोंधळ. इंग्रजीत यावर सोपा उपाय आहे, शेवटी क्रियापद द्यायचं. पहिला अर्थ हवा तर ‘दॅन आय डू’, दुसरा हवा तर ‘दॅन शी लाइक्स मी’. माझ्या मुलांना मी पहिल्यापासून ‘दॅन आय डू’ लिहायची सवय लावते, कारण तुलना कोणाच्या कोणत्या क्रियेशी चाललीय हे तेव्हा त्यांना स्वतःलाच ठरवावं लागतं.