चालीरीतींमुळे एखाद्या भागाचा आर्थिक विकास होतो का?

बऱ्याच अंशी होतो. सांगली जिल्ह्यातला विटा, खानापूर, आटपाडीचा पट्टा बघा. दुष्काळी माळरान, इथली पोरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायला, देशभर पांगली. शिकायचं कुठं? मामाच्या नाहीतर भावकीतल्या कुणाच्या दुकानात काही वर्षं भट्टीपुढं बसायचं, हात बसला की त्याच्याच ओळखीनं दुसऱ्या शहरात दुकान टाकायचं. सराफ सोनं हातात देतो ते बरंचसं विश्वासावर. घोळ केला तर गावाकडं सोयरीक जुळायची पंचाईत, ही भीती कागदावरच्या करारापेक्षा भारी! पण ज्याला असा मामाच नाही, त्यानं काय करायचं? भट्टीवर बाईही क्वचितच दिसते. आणि नुसती संस्कृतीच म्हणू नका. शिवाराला पाणी असतं तर एवढी माणसं बाहेर पडलीच नसती.