गुडघा बदलताना सिमेंट लावलेला सांधा चांगला की बिनसिमेंटचा?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ६८, दोन्ही गुडघे बदलायचेत आणि डॉक्टर सिमेंट लावून सांधा बसवणार आहेत. तुमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना मात्र नवा बिनसिमेंटचा बसवला, मग आईलाच जुनी पद्धत का?

मी हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) स्क्रब सिस्टर, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हाताशी उभी राहणारी नर्स आहे. सिमेंट कालवायचं काम बरेचदा माझ्याकडेच असतं. निर्णय तुमच्या सर्जनचा, पण सिमेंट म्हणजे हलकं काम ही शंका मनातून काढून टाका. माझ्या आईचा गुडघा ७१ व्या वर्षी बदलला तेव्हा सरांनी सिमेंटच वापरलं, आणि मला क्षणभरही वाईट वाटलं नाही.

या सिमेंटचा घर बांधायच्या सिमेंटशी काही संबंध नाही. दातांच्या कवळीचा गुलाबी भाग ज्या ॲक्रिलिकचा असतो, त्याच जातीचं हे. साधारण ४० ग्रॅम पावडर आणि २० मिलिलिटरच्या आसपास द्रव वेगवेगळं येतं. द्रवाची कुपी फोडली की उग्र वास नाकात जातो. कालवल्यावर आधी पातळ, मग चिकट, बोटाला तार सुटते. मी हातमोज्याचं बोट लावून बघत राहते. चिकटायचं थांबून कणकेसारखा गोळा झाला की सरांच्या हातात देते. तिथून घाई नाही पण उशीरही चालत नाही, कारण थोड्याच मिनिटांत त्याचा दगड होतो. बाजूला ठेवलेला उरलेला गोळा घट्ट होताना चांगला गरम लागतो. ओटीत एसी कमी असला तर हे सगळं आणखी लवकर होतं.

खरी गोष्ट अशी की ते डिंकासारखं चिकटवत नाही. हाडाच्या आतल्या जाळीत शिरतं आणि तिथे अडकून बसतं. म्हणून कापलेलं हाड फवाऱ्याने धुऊन, रक्त आणि चरबी काढून कोरडं करायला आमचे सर भरपूर वेळ घेतात. पक्कं बसणं बरंचसं तिथेच ठरतं. सांधा ऑपरेशनच्या टेबलावरच घट्ट होतो.

बिनसिमेंटच्या सांध्याला मागच्या बाजूने खरखरीत, सच्छिद्र थर असतो. तो ठोकून अगदी फिट्ट बसवतात आणि पेशंटचं हाड त्या छिद्रांत वाढून त्याला धरतं. याला काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात. तेवढ्यात सांधा बारीकसा जरी हलत राहिला, तरी हाडाऐवजी मऊ पडदा तयार होतो, सांधा सैल राहतो आणि दुखतो. म्हणजे इथे हाड भक्कम हवं आणि काप तंतोतंत हवा. १९८० च्या दशकातले असे बरेच सांधे नडगीच्या बाजूला सैल झाले, वाटीमागे बसवलेले धातूचे भागही निकामी झाले, म्हणून ही पद्धत मागे पडली होती. आताचे थर पुष्कळ सुधारलेत. पन्नाशीतल्या, वजनदार, चांगल्या हाडाच्या माणसाला सर्जन ती सुचवतात ते याच विचाराने, की हाड एकदा भरलं की पुढची कित्येक वर्षं सिमेंटचा थर झिजायचा किंवा तडकायचा प्रश्नच उरत नाही. त्या गृहस्थांचं वय काय होतं, तेवढं विचारून बघा.

आईंचं गणित वेगळं आहे. पाळी जाऊन वीसेक वर्षं झालेल्या बायकांचं हाड कित्येकदा इतकं मऊ निघतं की नडगीचा काप अंगठ्याने दाबला तरी दबतो. आमवात असलेल्यांचं किंवा वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलेल्यांचंही तसंच. त्यावर ठोकून बसवलेला सांधा रुतायची भीती असते. अशा हाडाला सिमेंटचाच आधार. काही सर्जन मांडीच्या हाडाला बिनसिमेंट आणि नडगीला सिमेंट असंही करतात. इंग्लंड आणि वेल्सची सांधेबदलाची राष्ट्रीय नोंद २००३ पासून ठेवली जाते. तिथेही सिमेंटचेच गुडघे फार मोठ्या संख्येने आहेत.

चालण्याचं म्हणाल तर दोन्हींत बहुतेक पेशंट त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहतात. मांडी घालून बसता येईल की नाही, हे सिमेंटवर ठरत नाही. ते सांध्याची रचना, आधीचा वाक आणि नंतरचा व्यायाम यांवर असतं.

सर्जनना दोन गोष्टी विचारा. आईंच्या हाडाची घनता तपासली आहे का? आणि त्यांचा स्वतःचा हात कुठल्या पद्धतीवर जास्त बसलेला आहे? ऑपरेशन झालं की सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलला लावतात, त्यांची प्रत मागून घ्या आणि घरी जपून ठेवा. पंधरा वर्षांनी दुसऱ्या कुणी डॉक्टरांनी तो गुडघा उघडायचा ठरवला, तर आत काय आणि कुठल्या मापाचं आहे हे त्यांना त्यावरूनच कळेल.