चिनी शिकायला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पेइचिंगच्या, म्हणजे आपण ज्याला बीजिंग म्हणतो तिथल्या विद्यापीठाने तुला वर्षभराच्या भाषा-अभ्यासक्रमाला प्रवेश दिल्याचे तुझ्या पत्रातून कळले आणि मनापासून आनंद झाला. बरोबर काय काय न्यावे, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर पुढे देतेच. पण त्याआधी एक समज तुझ्या मनात असेल तर तो काढून टाकावा असे वाटते. चीनमध्ये राहिले की चिनी आपोआप येते, हा तो समज. तो खरा असता तर दोन दोन वर्षे तिथे काढून, दुकानात बोट दाखवून खरेदी करणारे विद्यार्थी मी पाहिले नसते. वर्गात आठवड्याचे साधारण वीस तास मिळतात. उरलेला दिवस कोणत्या भाषेत जाणार हे ज्याचे त्याला ठरवावे लागते, आणि ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ठरून जाते, कारण तेवढ्यात मैत्र्या जुळतात, जेवणाच्या वेळा आणि सोबती ठरतात आणि मग ती घडी मोडवत नाही.

माझ्या पहिल्या वर्षी आम्ही सहा भारतीय मुली एकाच मजल्यावर होतो. रोज संध्याकाळी एकत्र वरण-भात करायचा, हिंदीत गप्पा मारायच्या, परीक्षेत गुणही बरे पडायचे. दिवाळीच्या सुमारास खोलीतला नळ गळू लागला आणि दुरुस्तीला माणूस आला, तेव्हा त्याला काय बिघडले आहे हे मला सांगता येईना. नळाला चिनीत ‘श्वेइ-लोंग-थोऊ’ म्हणतात, म्हणजे शब्दशः पाण्याच्या ड्रॅगनचे डोके, हे त्या माणसाने माझ्या वहीत लिहून दाखवले. पाठ्यपुस्तकाचे वीस धडे झालेले असताना रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तूचे नाव मला माहीत नव्हते, याचे मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात जाऊन खोली बदलून मागितली.

म्हणून तुला पहिला सल्ला खोलीचा. परदेशी विद्यार्थ्यांची वसतिगृहे बहुधा वेगळी असतात आणि चिनी विद्यार्थ्याबरोबर राहायला मिळणे कठीण असते. तेव्हा जिच्याशी तुझी चिनीखेरीज दुसरी कोणतीही समान भाषा नाही अशी सोबतीण माग. कोरिया, थायलंड, कझाकस्तान इथल्या मुली मोठ्या संख्येने असतात. पहिले काही दिवस दोघींची मोडकीतोडकी वाक्ये ऐकून हसू आणि रडू दोन्ही येईल, पण खिडकी उघडी ठेवायची की बंद, दिवा किती वाजता मालवायचा, असले खरे प्रश्न तुम्हाला चिनीतच सोडवावे लागतील. जोडीला एक ‘यू-पान’ शोध, म्हणजे भाषेची सोबतीण: एक तास तिने तुझ्याकडून इंग्रजी किंवा हिंदी शिकायची, एक तास तू तिच्याकडून चिनी. तास काटेकोर वाटून घे, नाहीतर जिची इंग्रजी चांगली तिच्याकडे सगळा वेळ वाहून जातो.

खाण्याची काळजी तुझ्या आईला अधिक आहे, हे मला ठाऊक आहे. तू शाकाहारी आहेस, म्हणून हे नीट समजून घे. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण मांस म्हटले की तिथे मुख्यतः डुकराचे मांस समजतात; भाजीत पेरलेला खिमा, कोंबडीचा अर्क किंवा चरबी यांचा त्या शब्दात समावेश होईलच असे नाही. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य पाठ कर आणि पुढे खिमा, रस्सा, अंडे यांची नावे जोडायला शिक. खानावळीत खिडकीपलीकडे वाढणाऱ्या बाईंना ‘आयी’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ मावशी. आपणही वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातल्या बाईंना मावशीच म्हणतो, त्यामुळे हे संबोधन तुझ्या तोंडी सहज बसेल. रोज एकाच खिडकीशी, शक्यतो गर्दी ओसरल्यावर जा. आठ-दहा दिवसांत त्या मावशी तुला ओळखू लागतील, आज काय घेऊ नकोस हे आपणहून सांगतील आणि तू कुठली, घरी कोण असते, हे विचारतील. ते पाच मिनिटांचे बोलणे वर्गातल्या संभाषणाच्या तासापेक्षा मोलाचे आहे. बटाट्याचा आंबट-तिखट कीस, वांगी-बटाटा-ढोबळी मिरचीची परतलेली भाजी हे पदार्थ उत्तरेत जवळपास सगळीकडे मिळतात आणि आपल्या जिभेला रुचतात.

आता उच्चार. इथे तुझी मराठी तुला जेवढी मदत करील तेवढी इंग्रजी करणार नाही. चिनीसाठी जी रोमन लिपी वापरतात, तिला पिनयिन म्हणतात, आणि आपली मुले ती इंग्रजीसारखी वाचून वर्षभर चुकीचे बोलतात. तिच्यात ‘बी’ अक्षर म्हणजे आपला प आणि ‘पी’ म्हणजे फ, तोही ‘फळ’मधला दोन्ही ओठ मिटून काढलेला, ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ, ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद आपल्या कानात जन्मापासून आहे, युरोपातल्या विद्यार्थ्यांना तो महिनोन्महिने कळत नाही. ‘झेड’ म्हणजे ‘चांगला’मधला दंत्य च, आणि त्याच च वर श्वासाचा जोर दिला की ‘सी’. ‘एक्स’ म्हणजे ‘शीर’मधला श, तर ‘एस-एच’ म्हणजे जीभ मागे वळवून काढलेला ष, जो आपण शाळेत लिहायला शिकलो पण उच्चारायचा विसरलो. पहिला महिना वहीत शब्दाशेजारी देवनागरी लिहायला माझी हरकत नाही. त्यानंतर मात्र थांब, कारण ज्या स्वरांना आपल्याकडे अक्षर नाही ते त्या लेखनात चेपले जातात.

स्वरांच्या चढउतारांचे, म्हणजे टोनचे, काम याहून अवघड आहे. पहिला टोन उंच आणि सपाट, जणू वरच्या पट्टीत एक सूर धरून ठेवला आहे. दुसरा चढता, आपण आश्चर्याने ‘काय?’ म्हणतो तसा. तिसरा खाली दबलेला, आणि चौथा वरून झटकन खाली येणारा, रागावून ‘नको!’ म्हटल्यासारखा. ‘माई’ तिसऱ्या टोनमध्ये म्हटले तर विकत घेणे, चौथ्यात म्हटले तर विकणे. ‘श्वेइ-च्याओ’ टोनच्या एका जोडीने झोपणे, दुसऱ्या जोडीने उकडलेल्या करंज्यांसारखा पदार्थ. मराठी माणसाची खोड अशी की प्रश्न विचारताना वाक्याचे शेपूट वर न्यायचे. चिनीत त्याने शेवटचा शब्दच बदलतो. मात्र ‘तू येणार का?’ यातल्या ‘का’सारखा ‘मा’ त्यांच्याकडेही वाक्याच्या शेवटी येतो, तेव्हा प्रश्नाचे काम त्याच्यावर सोपव आणि आवाज जागेवर ठेव. रोज दहा वाक्ये फोनवर ध्वनिमुद्रित कर आणि मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐक. कंटाळवाणे आहे, तरी सहा महिने सोडू नकोस.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते, पण त्यात हयगय करू नकोस. 180 दिवसांपेक्षा अधिक राहायचे असल्याने तुला एक्स-1 व्हिसा लागेल. तो केवळ प्रवेशापुरता असतो, आणि चीनमध्ये उतरल्यापासून 30 दिवसांच्या आत निवास परवाना काढावा लागतो. वैद्यकीय तपासणीचे मूळ अहवाल, रक्त आणि एक्स-रेसह, हातातल्या पिशवीत ठेव. वसतिगृहात राहणाऱ्यांची पोलिसांकडील नोंद विद्यापीठ करते. बाहेर राहिलीस तर 24 तासांच्या आत ती तुझी तुला करावी लागते. प्रवेशपत्र, व्हिसा, बँक आणि फोन या सर्व ठिकाणी नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने असू दे. शिक्षक तुला चिनी नाव देतील, ते प्रेमाने वापर, मात्र अर्जांत नको. आणि कुणी ‘इंग्रजी शिकव, रोख पैसे देतो’ म्हणाले तर नाही म्हण: परवानगीविना काम केल्यास 5,000 ते 20,000 युआन दंडाची तरतूद कायद्यात आहे.

व्हॉट्सअॅप, जीमेल आणि यूट्यूब तिथल्या इंटरनेटवर उघडत नाहीत, तर चीनमध्ये सगळा व्यवहार ज्यावर चालतो ते वीचॅट भारतात जून 2020 पासून बंद आहे. तेव्हा घरच्यांशी बोलायचे कसे, हे निघण्यापूर्वीच ठरव. भारतीय सिमकार्ड रोमिंगसह चालू ठेव. बँकेचे ओटीपी त्यावरच येतील आणि रोमिंगच्या डेटावर व्हॉट्सअॅपही चालते. तो डेटा महाग असल्याने आठवड्यातून एक-दोनदा ठरलेल्या वेळी घरी बोल. माझ्या मते हे भाषेच्याही दृष्टीने बरे, कारण दिवसभर मराठीत निरोप येत राहिले की मन तिथे रुजत नाही. पहिल्या आठवड्यापुरते रोख युआन बरोबर असू देत.

एचएसके, म्हणजे चिनीच्या प्रावीण्याची जी परीक्षा असते, तिची घाई करू नकोस, पण अक्षरे रोज हाताने लिही. फोनवर टंकन करता येणे म्हणजे अक्षर येणे नव्हे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर तिकडे गेले, ते जपानविरुद्धच्या युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करायला. त्या धामधुमीतही ते चिनी शिकले आणि विद्यार्थ्यांना त्या भाषेत शिकवू लागले. 1942 मध्ये त्यांचे तिथेच निधन झाले. शिच्याच्वांग शहरात त्यांची समाधी आहे, पेइचिंगहून जलदगती रेल्वेने सहज जाऊन येता येते. एप्रिलच्या सुमारास, थोडे वाचता येऊ लागल्यावर जा, म्हणजे तिथला मजकूर तुला स्वतःला वाचता येईल.

आता सामान. जाड कोट इथून नेऊ नकोस, तिथे स्वस्त आणि थंडीला खरोखर पुरेसा मिळतो. पेइचिंगमध्ये इमारती गरम ठेवण्याची सामुदायिक व्यवस्था साधारण 15 नोव्हेंबरला सुरू होते आणि 15 मार्चला बंद होते. त्यामुळे नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे खोलीतच सर्वांत जास्त गारठा वाटतो, तेवढ्यासाठी लोकरीचे मोजे आणि एक गरम शाल ने. हवा अतिशय कोरडी असते, म्हणून खोबरेल तेल ने. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ने. गोडा मसाला थोडाच ने, आणि पहिल्यांदा शिजवशील तेव्हा खोलीतल्या सोबतिणीला जेवायला बोलाव. त्यात काय काय घातले आहे हे तिला चिनीत सांगताना कोणते शब्द अडले, ते मला पहिल्या पत्रात लिहून पाठव.

तुझी,
शिक्षिका